खोर मिल्हचा वळसा

शम्सा: नाही बाबा, हे मला आधी समजावून सांगा. इथपर्यंत आपण सरळ आलो. शमीच्या झाडापाशी उजवीकडे, मग लांब टेकाडाच्या पायथ्यानं खाली. समोर समुद्र दिसतोय. आणि नेमकं तिथून तुम्ही पेन्सिल फिरवून परत वाळूत घुसलात.

सालिम: वाळूत नाही. कडेकडेनं.

शम्सा: चाळीस किलोमीटर कडेकडेनं?

सालिम: शाळेत भूगोल शिकवतेस म्हणून तुला नकाशा कळतो. वाळू कळते का? एकवीस वर्षं सरकारी पाण्याचा टँकर नेलाय मी या वाळूतून. नकाशा नव्हता, फोन नव्हता, कोणी रस्ता सांगायला नव्हतं.

शम्सा: जुलै होता, सत्तेचाळीस डिग्री होतं आणि टँकर कधी अडकला नाही. पाठ आहे मला.

सालिम: अडकला नाही असं कोण म्हणतं? ढिगानं अडकला. अडकला की टायरची हवा सोडायची, खाली उतरायचं, फावडं घ्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तू हवा किती ठेवणार आहेस?

शम्सा: अठरा.

सालिम: अठरा म्हणे. अठरावर मस्कतच्या पुलावरून जा, छान गार वारा लागेल. पंधरा. आणि ऊन चढलं की बारा.

शम्सा: बरं, बारा. लिहिलं. आता वळसा.

सालिम: खजूर खा. या वर्षीचा पहिलाच घड आहे.

शम्सा: खाल्ला. बाबा, ही सहल कशासाठी चाललीय ते तरी लक्षात आहे ना? फिरायला म्हणून मी कुठेही गेले असते. शाळेला सुट्टी आहे, जुनी का होईना गाडी घेतलीय, आणि पुढच्या महिन्यात तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन. त्याच्या आधी तुमची ती सगळी माणसं एकदा बघून यायचीत. तुम्हीच सांगत आलात ना? हमद उंटवाल्यानं तापात तीन दिवस ठेवून घेतलं, स्वतःची एकुलती एक चटई तुम्हाला दिली.

सालिम: दिली. स्वतः वाळूत झोपला. सकाळी म्हणतो कसा, चटईवर मला झोपच येत नाही.

शम्सा: आणि त्या बखीता आजी.

सालिम: बखीता. तिच्या हातची सुकी मुशी खाल्ली नसती तर मी पहिल्याच वर्षी नोकरी सोडली असती. दर खेपेला पुडकं बांधून द्यायची, टँकरवाल्याच्या बायकोला म्हणून. उपकार सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही, पोरी. मी त्यांना पाणी नेत होतो असं लोक म्हणायचे. खरं तर त्यांनीच मला जगवलं.

शम्सा: म्हणून तर. बखीता आजी आता हयात नाहीत, पण त्यांचा मुलगा आहे त्यांच्या गावी. प्रत्येक गावाला एक असे हलव्याचे सात डबे आणलेत मी. आणि तुमच्या या वळशानं गावं होतात सहा.

सालिम: एक आपण खाऊ.

शम्सा: बाबा.

सालिम: खोर मिल्हला आता कोणी राहत नाही. मासे कमी झाले, माणसं उठून गेली.

शम्सा: अकरा घरं आहेत. काल मी बोललेय तिकडे.

सालिम: कुणाशी बोललीस?

शम्सा: खमीस म्हणून एक जण आहे, होडी आहे त्याची. गावाच्या अलीकडे खारवट जमीन आहे ना, भरतीचं पाणी तिच्या खालून येतं आणि गाडी रुतते. कधी ओलांडायची ते गावच्याच माणसाला विचारायचं, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून नंबर मिळवला.

सालिम: माझं नाव सांगितलंस?

शम्सा: सालिम टँकरवाल्याची मुलगी म्हणून सांगितलं. मग म्हणाला, भरतीचं आई सांगेल, ती स्वतः फोन करेल.

सालिम: उम्म खमीस. त्याची आई. आहे अजून.

शम्सा: आहेत. आज करतील फोन.

सालिम: उचलू नकोस.

शम्सा: का?

सालिम: मी सांगतो म्हणून.

शम्सा: हे बघा, मी आता लहान नाही. भर जुलैत एकटी गाडी मऊ वाळूत न्यायची नाही, हे मला दहा वेळा कोणी बजावलं? आणि तुम्हीच मला त्या वाळूत चाळीस किलोमीटर घालताय. बाजूला टणक, सरळ वाट असताना. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली बापाला विचार, आणि परातीतलं पीठ तसंच टाकून उठून गेली. काय आहे खोर मिल्हला?

सालिम: मग नकोच जायला. सहलच नको. डबे वाटून टाक शेजारी.

शम्सा: चालेल. नकाशा गुंडाळते. पण तुम्हाला जायचंय. काठी बदलून आणलीत, नवी चप्पल आणलीत, आणि दाढीसुद्धा रंगवलीत.

सालिम: दाढी ईदसाठी रंगवली होती.

शम्सा: ईद होऊन किती दिवस झाले?

सालिम: तुला विंचू चावला होता. माहीत आहे ना?

शम्सा: मी दोन वर्षांची असताना, इथे अंगणात. आई सांगते.

सालिम: अंगणात नाही. आई तसं सांगते कारण मीच तसं सांगायला लावलं. त्या खेपेला तुम्ही दोघी केबिनमध्ये होतात. घरी खूप उकडत होतं, तुझ्या अंगावर घामोळं उठलं होतं. म्हटलं, चला, खोर मिल्हला समुद्राच्या वाऱ्यात आठ दिवस राहा, पुढच्या गुरुवारी टँकर येईल तेव्हा घेऊन जाईन. त्या शमीखाली कहवा प्यायला थांबलो. तू खेळत होतीस. एकदम ओरडलीस.

शम्सा: मग?

सालिम: मग तुझ्या तोंडातून लाळ गळायला लागली, डोळे फिरायला लागले. पुढे खोर मिल्ह दोन तासांवर, पण तिथे डॉक्टर नाही. इब्राचं हॉस्पिटल मागे, चार तास. आणि मध्ये वाळूची एक उभी चढण. भरलेला टँकर ती चढण दुपारी चढत नाही. चाकं तापलेल्या वाळूत पोटापर्यंत जातात.

शम्सा: बाबा, तुम्ही...

सालिम: कॉक उघडला. सगळं सोडून दिलं.

शम्सा: पाणी?

सालिम: टाकीभर पाणी. जुलै महिन्यात, वाळूवर. तिकडे लोक गुरुवारची वाट बघत बसलेले. त्यांची विहीर मचूळ, उन्हाळ्यात शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत. पाणी जाताना आवाज येत होता, पोरी. तुझी आई तुला छातीशी धरून बसलेली आणि मी तिथे उभा राहून वाट बघतोय की लवकर संपू दे. पाणीवाला मी. लवकर संपू दे म्हणत होतो.

शम्सा: मला वाचवायला.

सालिम: हो, तुझ्यासाठी. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करेन, म्हणून तर तोंड दाखवता येत नाही. चुकलो असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू? हॉस्पिटलमधून ऑफिसला फोन केला, गाडी बिघडली म्हणून. दुसरा टँकर तिसऱ्या दिवशी पोचला. तोवर त्यांची नऊ शेरडं मेली, हे मला मुबारक ड्रायव्हरनं सांगितलं. माणसांनी काय प्यायलं ते मी विचारलं नाही. बाकीची गावं माझ्याकडे ठेवली आणि खोर मिल्हची फेरी मुबारकला दिली. सत्तावीस वर्षं झाली.

शम्सा: आणि मला कधीच सांगितलं नाहीत.

सालिम: तुझ्यावर कशाला ओझं?

(फोन वाजतो.)

शम्सा: त्यांचाच आहे.

सालिम: नको उचलू.

शम्सा: उचलते. बोलू नका वाटलं तर, पण ऐका. सलाम, मावशी.

उम्म खमीस: सलाम लेकी, सलाम. कशी हायस? घरचे कसे हायेत?

शम्सा: सगळे बरे आहेत. तुम्ही कशा आहात? मावशी, मला ते भरतीचं...

उम्म खमीस: काय बातमी?

शम्सा: काही बातमी नाही, मावशी. सगळं बरं आहे. तुमच्याकडे काय बातमी?

उम्म खमीस: काय बी बातमी न्हाई. अल्लाची किरपा. ऐकलं काय कुठं?

शम्सा: काही ऐकलं नाही. तुम्ही?

उम्म खमीस: न्हाई, काय बी न्हाई. आता सांग. सालिमची लेक म्हणालीस खमीसला. तो हाय का?

शम्सा: आहेत. इथेच बसलेत. स्पीकरवर आहे फोन.

उम्म खमीस: मग त्यो बोलत का न्हाई? दात पडले का?

सालिम: सलाम, उम्म खमीस.

उम्म खमीस: हा, त्योच. आवाज जुना झाला, पर त्योच. काय बातमी, सालिम?

सालिम: काही बातमी नाही.

उम्म खमीस: सत्तावीस वर्सं हेच ऐकतेय मी. मुबारक यायचा टँकर घेऊन. आमी इचारायचो, काय बातमी? तो म्हणायचा, काय बी बातमी न्हाई, सगळं बरं हाय. आता तो तरी दुसरं काय म्हणणार? चांगलं असो, वाईट असो, आपण आधी हेच म्हणतो. त्याच्या मागनं दुसरा डायवर आला, तोबी तेच म्हणाला. आन् सरळ इचारावं तर कसं? तुझी झाकली मूठ आमी कशाला उघडू?

सालिम: उम्म खमीस, त्या गुरुवारी गाडी...

उम्म खमीस: बिघडली. व्हय, मुबारकनं सांगितलं. आमी हो म्हटलं. बिघडलेली गाडी उलट्या दिशेनं पळत न्हाई, सालिम. पर आमी हो म्हटलं.

शम्सा: मावशी, तुम्हाला माहीत होतं?

उम्म खमीस: तू आला न्हाईस तवा वाटलं, कुठं तरी अडकलास, मरतोस उन्हात. खमीसचा बा आन् त्याचा भाऊ, दोगं उंटावर निघाले तुला हुडकायला. व्हतं ते गोडं पानी त्यांच्याबरोबर दिलं आमी. शमीपाशी पोचले तर वाळूला ही जाड पापडी धरलेली. म्हंजे पानी सोडलंय. चाकांचा येतानाचा माग खोल, जातानाचा वरवर. झाडाखाली बाईची पावलं, पळालेली. एक विंचू, चपलेनं चेचलेला. आन् बारकी बारकी पावलं, एवढी एवढीशी. विंचवापातुर गेलेली. तिथनं पुढं कुठंच न्हाईत.

सालिम: कळलं होतं तर.

उम्म खमीस: वाळूत लिवलेलं वाचता येतं आमास्नी. खमीसचा बा पाऊलभर मागं सरला म्हणे, त्या बारक्या पावलांवर पाय पडू नये म्हणून. तितंच दोगांनी नमाज पढला. घरी येऊन मला म्हणाला, सालिमच्या लेकरासाठी दुआ माग, काय झालंय ते अल्लाला ठाऊक.

सालिम: तुमची शेरडं मेली. नऊ.

उम्म खमीस: मेली. शेरडं मरतात. त्यातली दोन तर म्हातारीच व्हती. आमी मचूळ पानी प्यायलो, पोटं बिघडली, तिसऱ्या दिवशी बरी झाली. आन् तू येणं का बंद केलंस? तुझ्या जागी तो मुबारक, पानी देताना अर्धं सांडायचा, कहव्यालाबी थांबायचा न्हाई.

सालिम: लाज वाटली, बाई. तुमचं पाणी मी ओतून दिलं.

उम्म खमीस: त्या पान्यावर थंडीत बोटभर गवत आलं तितं. आमच्याच शेरडांनी खाल्लं. लाजेची काय बात हाय त्यात? आमास्नी वाटलं, लेकरू गेलं म्हणून तू येत न्हाईस. खोर मिल्ह बघितलं की त्याची आठवण व्हत असंल. त्यामुळं आमीबी निरोप धाडला न्हाई. खमीसचा बा जाईपातुर म्हणत व्हता, लेकराचं काय झालं ते कुनी तरी कळवायला पायजे व्हतं.

सालिम: मी यायला हवं होतं. तो असताना.

उम्म खमीस: हवं व्हतं. आता नीट उत्तर दे, सालिम. बातमी-बितमी बास झाली. ते लेकरू वाचलं का?

शम्सा: बाबा, सांगा ना.

सालिम: तू... तूच सांग.

शम्सा: वाचलं, मावशी.

उम्म खमीस: अल्ला. अल्लाची किरपा. थांब, मला बसू दे. खमीस, वाचलं रे लेकरू. मुलगा व्हता का मुलगी? पावलांवरनं काय कळलं न्हाई. रोज पहाटं दुआ मागते, पर सालिमचं लेकरू म्हणूनच मागते. नाव कदी कळलंच न्हाई.

शम्सा: शम्सा, मावशी. मीच ती.