तीन कोटेशनं आणि एक सही

टाळ थांबवा जरा. पेटीवाले, तुम्हीही दम खा! मंडळी, आज देवासमोर एक प्रश्न टाकतो. ज्यानं जन्मात परका पैसा खाल्ला नाही, तो माणूस स्वच्छ की नाही? — हलल्या माना! किती पटकन हलल्या! घाई नको. आधी भानुदासाची गोष्ट ऐका.

भानुदास खरोटे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला भांडारपाल. गोळीपासून गादीपर्यंत सगळी खरेदी ह्याच्या टेबलावरून! आणि माणूस कसा? तर चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पिणारा. अशा माणसाला गाव काय म्हणतं? — "बावळट!" हसताय? तुम्हीच म्हणता!

दवाखान्याला चादरी पुरवायचा दिगंबर पोफळे. दोघं एका बाकावर शिकलेले. भानुदासाचे वडील गेले, तेव्हा पहिला धावून आला तो दिगंबर. आता सरकारचा नियम होता — तीन दुकानांचे दर मागवा, स्वस्त असेल त्याच्याकडून घ्या. नियम पाळला हो! अठरा वर्षं पाळला! दिगंबर स्वतःच तिन्ही कोटेशनं घेऊन यायचा. एक आपलं, एक मेहुण्याचं, एक शेजारच्या दुकानाचं. त्या दोघांचे दर चार-चार रुपयांनी जास्त. लेटरहेडं तीन, शिक्के तीन — आणि तिन्ही कागदांवर चहाचा डाग एकच! भानुदासाला दिसत नव्हतं? दिसत होतं, मंडळी. पण माल चांगला, माणूस आपला, आणि आपण एक छदाम घेत नाही. मग पाप कसलं?

आणि आले नवे नियम! दर संगणकावर भरायचे, ठरल्या दिवशी सगळ्यांदेखत उघडायचे. शिवाय खरेदी करणाऱ्यानं लिहून द्यायचं — 'दर भरणारे आपसात मिळालेले नाहीत, अशी माझी खात्री आहे.' खाली सही.

दिगंबर हसत आला. "भानू, काळजी सोड. मेहुण्याचं नाव चढवलंय, शेजाऱ्याचंही चढवलंय. तू फक्त सही ठोक."

भानुदासानं पेन उघडलं. परत मिटलं.

"दिगू, हे खोटं आहे रे."

"मग अठरा वर्षं काय खरं होतं?"

घ्या!

"नव्हतं," भानुदास म्हणाला. "पण तेव्हा खाली माझी खात्री लिहावी लागत नव्हती. ती दोन नावं काढ. तू एकटा भर."

"आणि दुसरा कुणी आला, चाळणीसारख्या चादरी माथी मारून गेला म्हणजे? एका कागदापायी दोस्ती मोडतोस होय रे!" दिगंबर ताडकन उठला. दोन्ही नावं काढली — आणि भानुदासाच्या तोंडावर सांगून गेला, "आजपासून माझ्या दाराची पायरी चढू नकोस."

घरी ताट वाढलेलं तसंच राहिलं. जिवाचा मित्र गेला, आणि माल खराब आला तर नावही जाणार! पण गडी कामाला लागला. चादरीचं सूत किती, वजन किती, नमुना दहा वेळा धुऊन बघणार — सगळं आधीच जाहीर केलं.

दर उघडले. पाच जणांनी भरलेले. नमुने धुतले, तिघांचे टिकले. त्यांत सगळ्यांत स्वस्त कोण? — दिगंबर! गेल्या वर्षी तीनशे बाराला दिलेली चादर, यंदा दोनशे चाळीसला!

भानुदास पायरीचा शब्द विसरून दुकानात धावला. "दिगू, सूत तेच?"

"तेच."

"तोटा सोसतोयस?"

"छे! तोटा कशाला? समोर कोण किती भरेल कळेना, म्हणून परवडेल तेवढाच लावला."

तेवढ्याच रकमेत दरवर्षीच्या चारशेऐवजी पाचशेवीस चादरी आल्या. दोघं मित्र गठ्ठे उतरवत होते. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं हो खरोटेभाऊ! आता बायकांना सांगायला नको, की गादीवर घालायला घरून जुनी साडी आणा म्हणून."

भानुदासानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. भरल्या डोळ्यांनी त्यानं मित्राकडे पाहिलं.

दिगंबराचीही मान खाली. हळूच म्हणाला, "भानू, मी तुला फसवलं नाही रे. तू कधी विचारलंच नाहीस."

मंडळी, पैसा खाल्ला नव्हता हो त्यानं! एक पैसा नाही! नुसतं विचारलं नव्हतं. आणि त्या न विचारण्याची किंमत ओल्या बाळंतिणींनी भरली, अठरा वर्षं.

आता माना का हलत नाहीत? बरं, मला सांगा — हा मंडप कुणाचा? अध्यक्षांच्या चुलतभावाचा? कोटेशनं किती घेतली होती? तीन? आणली कुणी? — रागावू नका, अध्यक्षमहाराज! मंडप चांगलाच आहे.

भानुदासाच्या चादरीही चांगल्याच होत्या!