रागाचं वजन

आता तुम्हीच सांगा, माणसानं भरोसा ठेवावा तं कोणावर? बायकोवर? लेकरांवर? मी म्हणतो, काट्यावर! आर्णीत बावीस वर्षं झाले गुराढोराईची ढेप-सरकी विकून राह्यलो, दुकानात लाल अक्षरात पाटीच रंगवली: काटा खोटं बोलत नाही. अन् त्याच पाटीनं माही इज्जत घेतली, तुम्हाले सांगतो...

घरी दोन लेकरं. शाल्मली नऊची, सलील सहाचा. मांगच्या महिन्यात पेनाच्या टोपणापायी... अहो, टोपणापायी!... त्या पोट्ट्यानं बहिणीच्या मनगटाले असा चावा घेतला का दात मोजून घ्या. पोरगी रडली नाही. दप्तर रिकामं केलं, त्यात फ्रॉक कोंबले अन् म्हणे, "बाबा, मले नेरले मामाकडे पाठवा. याच्यासंगं मी राहतच नाही."

आमची बायको, रत्नप्रभा, मोबाईल घेऊन पुढे. "अहो, ह्या व्हिडिओतल्या बाई सांगून राह्यल्या, लेकरावर ओरडू नका, त्याच्या रागाचं नाव विचारा." विचारलं! "सलील, बेटा, तुह्या रागाचं नाव काय?" पोट्टं म्हणते, "शाल्मली!" घ्या! कायले विचारलं मी?

मंग दुकानदाराचं डोकं चाललं. पोट्ट्याले उचललं, दुकानातल्या काट्यावर बसवलं. एकवीस किलो. अन् हळूच माह्या पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर... तेवीस! "पाह्य, दोन किलो राग भरला तुह्यात. लंबा श्वास सोड, ताईले गोड बोल." त्यानं श्वास सोडला, मी अंगठा सोडला. एकवीस! पोट्ट्याचे डोळे असे मोठे! "ताई, चुकलं माहं," म्हणे. म्हटलं, पाह्य, काटा खोटं बोलत नाही! आठ दिवस, तुम्हाले सांगतो, राग आला का लेकरं स्वतःहून दुकानात पळत. दप्तरातले फ्रॉक वापस कपाटात गेले.

नवव्या दिवशी डोंगरसिंगभाऊ, माहं जुनं गिऱ्हाईक, बैलांसाठी ढेप घ्याले उभे. सलील फणफणत आला, काट्यावर बसला, मी अंगठा टेकवला अन् बोलण्याच्या नादात... सोडाचं ध्यानातच नाही! पोट्टं श्वासावर श्वास सोडते, आकडा तेवीसच! रडकुंडीले आलं. "ताई वं, माहा राग जाऊनच नाही राह्यला!" पोरगी धावली, त्याच भावाले, ज्यानं चावलं त्याले, पोटाशी धरलं, आकडा पाहाले वाकली अन् किंचाळली, "सलील, तुहा राग नाही रे, बाबाचा अंगठा आहे!"

डोंगरसिंगभाऊनं आपल्या पोत्याकडे पाह्यलं, मंग माह्या पायाकडे. "काहून शेठ, माहे बैलं इतके दिवस तुमचा अंगठाच खाऊन राह्यले का?"

देवाशप्पथ, ढेपीले कधी नाही लावला! पण ऐकते कोण? भाऊ म्हणे, "जो पोटच्या पोराच्या वजनात खोट करते, तो बैलाले सोडीन?"

आता शाळा सुटली का दोघं काट्यापाशी हातात हात घालून बसतात. पोतं चढलं का एकाच आवाजात, "बाबा, पाय मांगं!" भांडण? नावालेही नाही! गिऱ्हाईकही आकडा मले नाही, शाल्मलीले विचारते. अन् पाटीवर, "काटा खोटं बोलत नाही"च्या खाली, पोरीनं खडूनं लिहिलं, "बाबा बोलतात." स्पेलिंग, म्हणजे शुद्धलेखन, सलीलनं तपासलं!

हसा, हसा... पण घरी जाऊन सांगसान तवा माही गेलेली अब्रू एका बाजूले मांडली, तं दुसऱ्या बाजूले लेकरांची दोस्तीही मांडजा. हिशोब तुम्ही तरी इमानदारीनं ठेवजा बाप्पा, माह्यावर तं आता कोणी भरोसा ठेवत नाही.