रिमोटची ढिली दांडी

मी बिरू. आडनाव कशाला पायजे, जत तालुक्यात कुटं बी बिरू म्हणून हाक मारा, धा जण वळून बघतील, त्यातला एक मी. आमी धनगर. माझा बा दिवाळी झाली की मेंढरं घिऊन निघायचा, कडेगाव, कऱ्हाड करत पार पाटणपत्तोर, आन् पावसाच्या तोंडाला माघारी.

मला मेंढरं जमली न्हाईत, खोटं कशाला बोलू. सांगलीत एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट करायचो, तितं गेमची मशीनं बघितली आन् डोसक्यात आलं, जत्रंत पाळणा असतोय, खेळण्याची दुकानं असत्यात, मग ह्ये का नगं? वापरलेली चार मशीनं घेतली, चार जुनं टीव्ही, एक तंबू. बा हसला, म्हणला, गड्या, तू बी शेवटी हिंडायचंच काम धरलंस की. आन् खरंच व्हतं त्ये, ज्या वाटंनं त्येची मेंढरं जायची त्याच वाटंनं माझा टेंपो. गेमच्या रिमोटवर अंगठ्यानं फिरवायची दांडी असती, पोरं ती काय पिरगाळायची म्हणता, लय, कोंबडीची मान पिरगाळल्यावानी.

पर मशीनं ती, जत्रंचा फुफाटा खाऊन किती दिस जगतील? पयली त्येंची नजर जायची, आतली सीडी वाचायची काच. सीडी आत गरागरा फिरायची आन् टीव्हीवर यायचं, वाचता येत न्हाई. मग मशीन पालथं घातलं की चालायचं. का चालायचं इचारू नका, चालायचं. पुढं पुढं गेम अडकायचा, पोरगं जिकायला आलेलं असायचं आन् चित्र जाग्यावर थांबायचं, मग त्ये मलाच शिव्या घालायचं. मग परत्येकाच्या हातात मोबाईल आला. तंबूत कुत्रं बी येईना. तीन मशीनं मेली, एक ऱ्हायलं, त्ये मी घरी आणलं.

घरी आणलं त्ये मायासाठी. माया माझी लेक, एकुलती एक. कोकराच्या मागं वाऱ्यागत पळायची, आन् नऊ वर्साची असताना पडायला लागली. उठायची, पडायची. मिरजंला नेली. डाक्टर म्हणलं, आवं, हिच्या अंगातलं स्नायू वाळत चालल्यात, ह्येला औशीद न्हाई. आता बावीस वर्साची हाय. खुर्चीत बसती, हाताची बोटं तेवडी थोडी हलत्यात.

काय सांगू तुमाला, त्या मशीनमदी एक गेम व्हता, डोंगर, पाणी आन् घोडं. लढायचा गेम त्यो, पर ही लढायचीच न्हाई. घोडं डोंगरावर न्यायची, उतरायची आन् नुसती चालायची. आबा, बघा, आज नदीपल्याड गेले. जितं थांबंल तितनंच दुसऱ्या दिशी सुरू, मशीन सगळं ध्यानात ठेवायचं. आन् हिला जमायचं कशानं, तर रिमोटची दांडी ढिली व्हती. जत्रंतल्या पोरांनी इतकी वर्सं पिरगाळून पिरगाळून मऊ केल्याली, हिच्या अंगठ्याच्या नुसत्या टेक्यानं घोडं पळायचं. आठ वर्सं पळलं.

आन् मी मारलं त्ये. ह्या हातानं.

औंदा वैशाखात वावटळ आली, घरात माती माती. माया खेळत व्हती. मला वाटलं, मशीनात माती जाईल. खुंटीवरचं घोंगडं काडलं आन् चालू मशीनवर पांघरलं. आमच्यात म्हणत्यात, घोंगडं थंडीत ऊब देतंय आन् उनात गारवा. नव्या कोकराला पांघरतो, बाळंतिणीला पांघरतो, ह्येला का नगं? धा मिंटं न्हाई झाली, आतला पंखा केकाटला आन् मशीन बंद. हात लावला तर तवा.

सांगलीला नेलं. मिस्त्रीनं खोललं, पंख्यात लोकर गुतल्याली. म्हणला, मामा, आतल्या चिपखालचा कथलाचा जोड उकललाय. गरम हवा मारून परत बसवतो, पर ह्ये काय बरं झालं न्हवं. हिचा पार्ट आता कुटं बनत न्हाई. दोनदा तापवीन, तिसऱ्यांदा आतली सर्किटाची पाटीच जळंल.

तापवलं. बारा दिस चाललं. परत गेलो, परत तापवलं. चार दिस. मी परत पिशवीत भरायला लागलो, तवा माया म्हणली, आबा, आता नगा तापवू. मी म्हणलं, का गं? तर म्हणली, रोज चालू करताना भ्या वाटतंय, त्यापरीस बंद बरं.

तसलंच दुसरं मशीन कोल्हापुरात गावलं, त्ये घरी आणून लावस्तवर गेलं. त्या वयाची सगळीच त्याच दुखण्यानं चालल्यात म्हणं. मग तिचा मामा मिलिटरीतनं सुट्टीवर आला, नवं मशीन घिऊन आला. जुनी सीडी त्ये घेत न्हाई. बरं, नव्यात बी डोंगर हाय, घोडं हाय, चित्र तर असं की डोळं दिपत्यात. सगळी हरखली. मायाच्या हातात रिमोट दिला, आन् दांडी हलंना. नवी कोरी, करकरीत. तिनं जोर लावला, कपाळावर घाम आला, घोडं जाग्यावरच हुबं. मामा उठून भाईर गेला. जुना रिमोट नव्याला लागत न्हाई, जुनी दांडी नव्यात बसत न्हाई, मिस्त्रीनं दोन्ही खोलून दावलं मला. मोबाईलच्या काचंवर तर तिचं बोट टिकतच न्हाई.

आता मी रोज सकाळी ह्या कट्ट्यावर बसतो आन् नव्या रिमोटची दांडी अंगठ्यानं फिरवतो. हिकडं, तिकडं, गोल. जत्रंतल्या पोरांनी केलं त्ये मी एकटा करायला बसलोय. गावात म्हणत्यात, बिरूला याड लागलं, टीव्ही बंद आन् ह्यो गेम खेळतोय. मायाची आई माझ्या अंगठ्याला हळद लावती.

ऐतवारच्या ऐतवारी मायाच्या हातात देतो, बघ गं. गेल्या ऐतवारी दांडी हलली. घोडं दोन पावलं चाललं. मी म्हणलं, चाललं की गं. ती टीव्हीकडं बघत ऱ्हायली आन् हळूच म्हणली, आबा, तुमी तुमचा अंगठा काडा.

लावला व्हता मी अंगठा तिच्या अंगठ्यामागं. माझं मलाच कळलं न्हाई. काडला, तर घोडं हुबं.

दांडी रोज वाईच ढिली व्हती, खरं हाय. पर तिचा अंगठा बी रोज ढिला व्हतोय, आन् त्येचा येग जास्त हाय. मला कळतंय की त्ये. कळत न्हाई असं न्हाई. पर हात रिकामं ठिवून बसलो तर जीव जाईल माझा.

ऱ्हावू द्या. च्या घ्या, निवला. तुमाला लेकरं हायती न्हवं? त्यास्नी चालतं-फिरतं ठेव, एवढंच मी बिरोबाला मागतो.