मांडीवरची पिशवी
यष्टीत मी कुणाची पिशवी धरत नाही म्हणून तुम्ही हसता. पण ऐका. आळेफाट्याला मला जागा मिळाली. शेजारी उभ्या माणसानं "भाऊ, जरा धरा" म्हणत पिशवी मांडीवर ठेवली. आपल्याकडं कोण नाही म्हणतं? पुढं पोलिसांनी गाडी अडवली. हवालदारानं पिशवी उघडली, तर आत गांजा!

"साहेब, माझी न्हाई."

"मांडी तर तुझीच ना? ज्याच्याकडं सापडतो, तोच आत जातो."

मी पिशवीवाल्याकडं बोट दाखवलं. तेवढ्यात तो माणूस दारातून उडी मारून पळाला, उसात सापडला, म्हणून मी सुटलो.

मग पंचनामा लिहायला हवालदारानं स्वतःची डब्याची पिशवी माझ्यापुढं केली. "पावणं, जरा धरा."

मी हात मागं घेतले. "साहेब, आधी उघडून दाखवा."