वेल्डिंग मी मारलंय

नाही, पण ‘पाय पोचत नाहीत’ म्हणजे काय हो? तुम्हाला सांगतो, मी काही बोलणारा माणूस नाही, बसडेपोच्या वर्कशॉपात तीस वर्षं वेल्डिंग केलं, तोंडापुढे काच धरायची नि काम करायचं, बोलणार कुणाशी? पण त्या दिवशी त्याच डेपोत आमच्या सूनबाईची बसड्रायव्हरची परीक्षा, वयाची मर्यादा संपत आलेली, हीच शेवटची संधी, म्हणून मी आपला मागच्या बाकावर, तिचा डबा मांडीवर घेऊन… तर ती सीटवर बसली, ब्रेक दाबायला गेली, आणि पाय हवेतच! मधे वीतभर अंतर!

परीक्षेचे साहेब लगेच, “तरी मी म्हणत होतो, ताई, हे बायकांचं काम नव्हे. तिकीटखिडकीवर बघा की, सावलीत बसायचं!”

“साहेब, सीट पुढे घेऊ द्या ना.”

“सरकत नाही हो ती. कंपनीतूनच तशी येते.”

कंपनीतून? अहो, कसली कंपनी… मी! सीटा चालत्या गाडीत मागेपुढे व्हायच्या, तर आमच्या फोरमननं हुकूम सोडला, “जाम करून टाक!” म्हटलं, कुठल्या मापाला? तर स्वतःच बसला पाय पसरून. सव्वासहा फुटी माणूस! आठवडाभरात अख्ख्या डेपोच्या सीटा त्याच्या तंगड्यांच्या मापाला जोडल्या… मी काही बोलणारा माणूस नाही, तेव्हाही नाही बोललो!

सूनबाई खाली उतरली. रडली नाही हो, नुसती हसली. म्हणाली, “बाबा, चला घरी. डबा तुम्हीच खा.”

घास उतरला असता का? उठलो. म्हणालो, “साहेब, वेल्डिंग मी मारलंय. अर्धा तास द्या.” वर्कशॉपातून ग्राइंडर आणला, माझंच जुनं वेल्डिंग घासून काढलं, सुटली एकदाची! सीट सरकली, पाय पोचला, आणि पोरीनं गाडी अशी वळवली, अशी वळवली… मी मागे डोळे पुसतोय, साहेब पुढे मुकाट सही करतायत!

मग एकेक बुटका ड्रायव्हर माझ्या कानाशी. “काका, माझीही सोडवा की. बारा वर्षं पाठीला उशी लावून चालवतोय.” अरे, मग बोलला का नाहीस? “लोक हसतील ना, काका!”

घ्या! मीच एकटा न बोलणारा नव्हतो म्हणायचं. आता रोज सकाळी सूनबाई गाडी काढते, मी ग्राइंडर काढतो. एक्केचाळीस सीटा बाकी आहेत. जोडायला आठवडा पुरला होता हो… सोडवायला उरलेलं आयुष्य पुरतंय का, बघायचं.