‘कावून’ म्हनायचं न्हाई

गेवराईच्या स्टँडवर विजयमाला उमापूरच्या गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकड्यावर एक म्हातारी भाचीला झापत होती, आणि तिकडं कान न देण्याइतकी विजयमाला काही साधी नव्हती.

"बबिता, पिशवीत काय हाय?"

"बायबल. लग्नात पाळकानं दिलतं. त्याचं त्याला वापस करते."

"कावून?"

"लेकरू गेलं तवा मी देवाला कावून नेलंस म्हनलं, मावशी. तर पाळक म्हनला, देवाला असं इचारनं पाप हाय. तुझा इश्वास कमी पडला, म्हनूनच लेकरू गेलं."

"मयताच्या घरात म्हनला?"

"सगळ्या मंडळीसमोर."

"मेल्याच्या जिभेला हाड न्हाई. शास्त्र वाचलंय त्यानं, का नुसतं काखेत धरून हिंडतो? दहा लेकरं गेल्यावर ईयोब काय इचारत होता मंग? दावीद राजा रडून रडून काय इचारत होता?"

"मला न्हाई ठाव."

"कावून, कावून, आन कावून. खुद्द प्रभूनं क्रुसावरून बापाला कावून म्हनलं. त्याचा बी इश्वास कमी पडला काय?"

"पन देवानं मला उत्तर न्हाई दिलं, मावशी."

"मला बी न्हाई दिलं. तुझा काका गेला तवापासून इचारते."

"तरी बायबल वाचतीस?"

"वाचते. माझ्यावानी देवाशी भांडनारी मानसं त्यातच हायती. गावात कुटं हायती?"

"मंग पाळकाकडं जायचं न्हाई?"

"जायचं की. पन द्यायला न्हाई. त्याला वाचून दाखवायला."