केदारकंठ्याला जाते

— हॉर्न वाजवून बूट सापडत नसतो रे. वाजव हवा तर. आमच्या घरात हॉर्न ऐकून बाहेर येतात ते पोदेरासाठी, आणि तो सकाळीच पाव टाकून गेला. आता वर आलाच आहेस तर बस या बलकावात. ते कदेल नको, त्याचा एक पाय लुळा आहे – बस, त्यावरच बस, तू गिर्यारोहक, तोल सांभाळशील. पाणी? पाणी आत आहे, आत सुमंगला आहे, आणि सुमंगला या क्षणी खाटेखाली डोकं घालून बूट शोधतेय. तेव्हा पाणी नाही. विमान चुकेल म्हणतोस? मोप्याचं विमान. पेडण्याच्या त्या पठारावर कालपरवापर्यंत गुरं चरायची, आणि ती बापडी दिवेलागणीला न चुकता घरी यायची. विमानांना तेवढी शिस्त नाही. उशिरा सुटेल. नाहीच सुटलं तर मी पेढे वाटीन.

नाव काय म्हणालास तुझं – प्रज्योत. माहीत आहे मला. या घरात वर्षभर दुसरं नाव नाही. प्रज्योत म्हणतो सकाळी भिजवलेले चणे खा, प्रज्योत म्हणतो श्वास नाकानं घ्या. अरे, ती माझ्या घरात आल्यापासून नाकानंच श्वास घेते, आम्ही काय तोंडानं घ्यायला लावत होतो? आणि एक विचारायचं राहिलंय. तिला तू सुमंगलाताई म्हणतोस आणि मला काका. ती तुझी ताई, मी तुझा काका – म्हणजे माझी बायको माझी पुतणी झाली. मी सरकारी खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो बाबा, असलं नातं अर्जात लिहून कुणी आणलं असतं तर मी अर्ज परत केला असता. हसू नकोस. मी विनोद करत नाहीय.

सगळं त्या डॉक्टरापासून सुरू झालं. गुडघे दुखतात म्हणून गेली, तो म्हणाला, चाला. कुठवर चाला ते नाही सांगितलं. आधी ही बाजारापर्यंत चालली, मग मयेच्या तळ्यापर्यंत, मग तू भेटलास तुझ्या त्या गटाला घेऊन, आणि मग डोंगर सुरू झाले. आज सुर्लाचा घाट, उद्या आणखी कसला सडा. मी काही बोललो नाही. म्हटलं, सह्याद्री आपलाच आहे, माणूस घसरलं तरी ओळखीच्या गावात पडेल. पण हिमालय? तोही हिवाळ्यात? उन्हाळ्यात लोक थंडीसाठी हिमालयात जातात हे मला समजतं. थंडीत थंडीसाठी जायचं हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि बरं, केदारनाथ असतं तर मी गप्प बसलो असतो. यात्रा म्हटली की नवऱ्याला तोंड उघडता येत नाही, उलट पिशवी धरून मागून जावं लागतं. पण तुमचा हा केदारकंठा. नाथ नाही, नुसता कंठ. बरोबर नाथ तेवढा वगळलाय.

मला काही माहीत नाही असं समजू नकोस. वाचनालयात हिमालयावर जेवढी पुस्तकं होती तेवढी मी वाचली आहेत, काही दोनदा. त्या वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, रामचंद्रबाब, तुम्हीपण जाताय की काय? मी म्हटलं, नाही, मी विरोधी पक्षात आहे. हिमदंश म्हणजे काय ते मला विचार. आपल्याकडे दंश म्हटला की नाग, फुरसं, फार तर विंचू. तिथं बर्फ चावतो. आधी बोटं बधिर होतात, मग पांढरी पडतात, आणि गंमत म्हणजे दुखत नाही – माणसाला कळतच नाही की आपलं काही जातंय. बाजारात सुरमई ठेवतात ना, त्या बर्फाच्या खोक्यात मी हात घालून पाहिला. तसाच, सहज. ती मासळीवाली ओरडायला लागली, घेणार असलात तर घ्या, हात कसले गारवताय. मी म्हटलं, थांब गो बाई, मोजतोय. मनगटापर्यंत कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, मग काढला. ते पाणी बर्फाचं. बर्फानं डोळ्यांत पाणी येतं, पुस्तकात आहे. शेवटी तिचं समाधान करायला सुरमई घ्यावी लागली, आणि घरी आल्यावर सुमंगला म्हणाली, आज सोमवार. आता सोमवारी सुरमई का आणली ते मी तिला काय सांगणार?

नाही, तिनं मला विचारलं नाही. विचारायचं कशाला, ती सांगायला आली. इथंच, या जनेलाशी, खिडकीला टेकून उभी, हातात पाखडायचं सूप. मी पेपर वाचून दाखवत होतो – मी तिला रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो, अग्रलेखासकट, आणि कुठं लेखकाची चूक असेल तर तीही समजावून सांगतो – तर मध्येच म्हणाली, मी केदारकंठ्याला जाते. कळलं तुला? नाही कळलं. तू म्हापशात वाढलास, फ्लॅटमध्ये. तिथं लोक लिफ्टनं जातात-येतात, बोलत नाहीत. अरे, आमच्याकडे 'जाते' म्हणत नाहीत. बाजारात जाताना 'येते'. माहेरी जाताना 'येते'. गर्भपिशवीच्या ऑपरेशनला तिला ढकलत नेलं ना, तेव्हा गुंगीत होती, जीभ जड झालेली, तरी माझा शर्ट धरून म्हणाली, येते हं. माणूस घरातून 'जातो' तो एकदाच, आणि तेव्हा तो स्वतः काही बोलत नाही, चौघं बोलतात. आणि ही चांगली शुद्धीवर, हातात सूप, म्हणते, जाते. तांदूळ पाखडणंसुद्धा थांबवलं नाही. मी पेपरची घडी घातली. म्हटलं, काय म्हणालीस? तर म्हणाली, ऐकलंत की तुम्ही.

बोलण्याची पद्धत आहे, काका, म्हणतोस? पद्धत म्हणजे काय असते मग? मी आयुष्यभर टिपण्या लिहिल्या, एका अक्षरानं मंजूरचं नामंजूर होतं ते मी पाहिलंय. आणि दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यात तू आला होतास, तिच्या सॅकचे पट्टे बांधून द्यायला, आठवतं? मी आत झोपलो होतो. झोपलो म्हणजे डोळे मिटून पडलो होतो, कान उघडेच. तिनं तुला पहिला प्रश्न कसला विचारला? थंडी किती, हा नाही. खायला काय, हा नाही. तिनं विचारलं, तिथं मोबाईलला रेंज नाही ना? आणि तू काय खूश होऊन सांगितलंस – नाही ताई, सांकरी गाव सोडलं की काही लागत नाही, एकदम शांत, आपल्या पावलांखाली बर्फाचा आवाज तेवढा. मग ती हसली. मी तिचं हसणं ओळखतो, पण ते हसणं मी ऐकलेलं नव्हतं. कुणाचा आवाज नको आहे तिला? सांग ना. घरात आम्ही दोघंच. सायली पुण्याला, ती रविवारी फोन करते, आईला जॅकेट पाठवते, बापाला विचारते, गोळ्या घेतल्या ना. टीव्ही तर मी लावूच देत नाही. मग उरला कुणाचा आवाज?

बरं, ते राहू दे. तू बुटाचं बघ. बूट नाही म्हणजे जाणं नाही, हे तूच शिकवलंयस – दुसऱ्याचे बूट नाहीत, नवे बूट नाहीत, पायाला सवय झालेलेच हवेत, नाहीतर पहिल्याच चढावर फोड आणि मग बर्फात बसा. तिनं पाठ केलंय ते. तेव्हा बूट नाही तर नाही, नियम म्हणजे नियम. परसात गडग्याच्या दगडांवर उन्हाला ठेवले होते दोन्ही. शेजारच्या सगुणचं कुत्रं येतं, त्यानं नेला असेल. त्याला चामड्याची चटक आहे. तो डावा बूट तर आधीच टाचेकडे उसवलेला, तिनं दाभणानं शिवलेला, कुत्र्याच्या दाताला तेवढं पुरे. – काय? डावा की उजवा ते ती बोलली नाही? बोलली असेल. आतून ओरडली तेव्हा बोलली. तुला ऐकू आलं नसेल, हॉर्न वाजवत होतास. – मग मी अंदाजानं म्हटलं. दोनातला एक, निम्मी शक्यता. काय वकिली लावली आहेस?

आणि असा इकडे-तिकडे काय बघतोस? ते काय बघायचं? ती पावाची पिशवी. दारच्या खिळ्याला टांगतो, पोदेर त्यात पाव टाकून जातो, सगळ्या गोव्यात अशीच टांगतात. फुगलीय? असेल. जास्त पाव घेतले. मी एकटा राहणार, एकटा माणूस पाव खातो, पेज कोण करणार त्याला? उंडे आहेत, कडक, म्हणून तसे टोकदार दिसतात. हात लावू नकोस. अरे, तुला सांगतोय, बस खाली, कदेल मोडेल.

ऐक. त्या गाडीतल्या बायका माना लांब करून बघताहेत, बघू देत. तुला एक सांगतो आणि ते तू गाडीत बोलायचं नाहीस. तू मला म्हणाला होतास ना, काका, तुम्हीपण चला, वयाचं काही नसतं – सगळ्यांदेखत, दात दाखवून. मी म्हटलं, मला असल्या खुळचटपणाला वेळ नाही. वेळ नाही म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी मी गेलो. तुमच्याच त्या डोंगरावर. दुपारी गेलो, म्हणजे कुणी भेटणार नाही. चपला नाही, सायलीनं दिलेले बूट घातले. ती जिथं बोलत-बोलत चढते, जिथं तुम्ही सगळी मिळून फोटो काढता, ते वळण आहे ना – त्याच्या खाली, बरंच खाली, मी बसलो. बसलो म्हणजे पाय गेले. छातीत पोदेराचा हॉर्न वाजायला लागला. खनिजाच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर खालून आला, दोडामार्गाकडचा, त्यानं बाटली दिली, म्हणाला, काकानू, कोणाक फोन लावू? मी म्हटलं, कोणाक नको. कुणाला लावणार? मला एकच नंबर पाठ, आणि मी तर तिच्या पुढे जायला निघालो होतो. संध्याकाळी तिनं विचारलं, बुटांना लाल माती कशी? मी म्हटलं, बाजारात खणलंय. तिनं ते बूट धुऊन ठेवले. गडग्यावर. तिच्या बुटांशेजारी.

तोंड असं करू नकोस. कीव आणायची असेल तर ती तुझ्या बर्फातल्या माणसांसाठी ठेव. मला तुझी कीव नको, आणि तू मला आवडतही नाहीस. तू चांगला मुलगा आहेस म्हणून सांगतात सगळे. असशील. चांगली मुलं दुसऱ्यांच्या घरात येऊन पट्टे बांधून देत नाहीत.

– काय लोंबतंय? कुठं? पिशवीतून?

नाडी आहे ती.

उंड्याला नाडी नसते, माहीत आहे मला. काढ. काढ ना, आता काय बघत राहिलायस, हात आहेत ना तुला? कुरकुरीत लागेल वरून, पाव घासलेत त्याला, झटक जरा. आणि तिला देताना सांग, फणसाखाली मिळाला. माझं नाव घेशील तर – नाही, घे, तिला कळणारच. ती पावाची पिशवी शिवलीय तिनं, त्यात काय मावतं आणि काय मावत नाही ते तिला माहीत. जा, आत दे. नको, थांब, आलीच ती.

बघ कशी बसलीय पायरीवर. विचारलंसुद्धा नाही कुठं मिळाला. पावाचा चुरा झटकला आणि नाडी बांधायला लागली. गाठ दुहेरी मारलीन, तुझ्याच शिकवणीची. सॅक उचलू दे, तू नको उचलू, ती उचलते. बघ. मला उचलवली नसती. – मी काय बोलू? मी दिवसभर बोलतोच, आज एक दिवस तिच्याशी नाही बोललो. गरम मोजे वरच्या कप्प्यात ठेवलेत मी, सहज सापडतील असे, हे तिला सांगायचं होतं, पण तिथं रेंज असेपर्यंत सांगता येईल. नसली तर ती शोधेल. शोधायची सवय झालीय आज.

गप्प. जरा गप्प बस.

...ऐकलंस? तुळशीपाशी थांबून ती काय म्हणाली? येते, असंच ना? तुझे कान तरणे आहेत, नीट सांग. येते. मला नाही म्हणाली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तुळशीला म्हणाली. म्हणू दे. तुळस काय आणि मी काय, पत्ता एकच.

ऊठ आता. ऊठ. विमान चुकवशील माझ्या माणसाचं. आणि काय म्हणालास – येतो, काका? तू येतो नाही म्हणायचं. तू जातो म्हण.